सामनेवाल्याला प्रत

शिरूरच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी चाळीसएक वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं ‘मी’ लिहीत आलो. ‘मी खालील सही करणार’, ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’, ‘माझी नम्र विनंती की’. सकाळी मी सासूचा छळ सोसलेली सून असे आणि दुपारच्या जेवणानंतर त्याच सुनेची सासू. दोघींची बाजू मला तितकीच खरी वाटायची. टायपिस्टला असंच असावं लागतं, नाहीतर एका दिवसात दोन अर्ज होत नाहीत.

लोकांना वाटतं टायपिंग हे बोटांचं काम. खरं काम कानांचं. माणूस समोर स्टुलावर बसतो आणि आजोबांपासून सुरुवात करतो. बांध कुणी कोरला हे सांगायला आलेला माणूस आधी आत्याचं लग्न सांगतो. त्या सगळ्या पसाऱ्यातून कुणी, केव्हा, कुठं आणि काय केलं एवढं वेचून काढायचं आणि बाकीचं तिखटमीठ अर्जदाराला परत द्यायचं. आधी रेमिंग्टनवर केलं, आता कॉम्प्युटरवर करतो. कॉम्प्युटरचा फायदा असा की जुने नमुने साठवून ठेवता येतात आणि नाव बदललं की काम भागतं. या फायद्यानं मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं, ते पुढं येईलच.

आमच्या भागात अर्ज करायची हौस मोठी. पण सही करायची म्हटली की पंचाईत. ‘एक जागरूक नागरिक’, ‘समस्त त्रस्त ग्रामस्थ’, ‘आपला एक हितचिंतक’ यांच्या वतीनं मी जेवढे अर्ज टाइप केले, तेवढे नावागावाच्या माणसांचे केले नसतील. जागरूक नागरिकाला ‘इथं सही करा’ म्हटलं की त्याला झोप येते. मी त्यांना हसायचो. पुढं माझ्यावरच वेळ आली तेव्हा हसू कुठं गेलं कळलं नाही.

जज्जाविरुद्ध तक्रार लिहून द्या म्हणणारे या धंद्यात दरवर्षी दोन-चार येतातच. मी काही वर्षं दौंडलाही बसत होतो. तिथं रेल्वे कॉलनीतले एक रिटायर झालेले गार्ड आले. कोर्ट कुठलं होतं ते सोडून देऊ. तक्रार अशी की गार्डसाहेबांची साक्ष चालू असताना जज्जांनी तीन वेळा जांभई दिली. त्यांनी वेळा टिपून आणल्या होत्या: अकरा सात, अकरा वीस आणि अकरा चव्वेचाळीस.

“जांभई मोठी होती का?” मी विचारलं.

“दाढा दिसल्या.”

“निकाल काय लागला?”

“विरुद्ध.”

मग मी त्यांना समजावलं. निकाल पटला नाही तर अपील करायचं. जज्जाचं वागणं पटलं नाही तर तक्रार. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. निकालावर राग धरून वागण्याची तक्रार केली तर वर बसलेल्यांना ते पहिल्या ओळीत कळतं. गार्डसाहेब ऐकेनात. मी विचारलं, “तुमची साक्ष चालली किती?” ते म्हणाले, “दोन दिवस,” आणि ती पहिल्यापासून सांगू लागले. विसाव्या मिनिटाला मला जांभई आली. ते उठले आणि शेजारच्या टायपिस्टकडे गेले.

वागण्याची तक्रार करायची असेल तर तिचा रस्ता वेगळा. ती थेट हायकोर्टाकडे जाते. नाव-पत्ता लागतो, सोबत शपथपत्र लागतं, नेमकं काय घडलं ते लागतं आणि तपासून बघता येईल असं काहीतरी लागतं. बिननावाचा कागद तिथं कुणी वाचत नाही. एवढं सांगितलं की माझी निम्मी गिऱ्हाईकं ‘घरी विचारून येतो’ म्हणून जायची ती कायमची. सुमनबाई तेवढ्या गेल्या नाहीत.

आमची वाडी न्हावऱ्यापासून जवळच. माझ्या घरी दोन गाई आहेत, म्हणून शिरूरची एसटी धरायच्या आधी मला रोज डेअरीवर दूध घालावं लागतं. डेअरी म्हणजे एक खोली, दुधाची फॅट मोजायचं मशीन, मोठाले कॅन आणि सेक्रेटरी. तिथं रांगेत माणसं उभी राहत नाहीत, किटल्या राहतात. किटली ठेवली की नंबर लागला. माणूस मग कट्ट्यावर तंबाखू मळत बसला तरी चालतं. किटलीला हात लावून नंबर बदलणं ही आमच्याकडे मोठी आगळीक समजली जाते. बांध कोरणाऱ्याला लोक विसरतील, किटली सरकवणाऱ्याला नाही.

सुमनबाई वाडीच्या बौद्धवस्तीतल्या. साठीच्या घरातल्या. नवरा गेल्यावर दोन म्हशींवर संसार ओढला, मुलाला आयटीआय केलं, तो आता रांजणगावला कंपनीत शिफ्टमध्ये जातो. वीसेक वर्षं त्यांचं दूध डेअरीला आणि पाच-सहा घरांना रतीब. त्यांच्या दुधाबद्दल कधी कुणी ब्र काढला नव्हता.

आता साहेब. साहेब आमच्या वाडीतल्याच एका मोठ्या घरातले धाकटे चिरंजीव, लांबच्या एका जिल्ह्यात जज्ज. शनिवार-रविवार शेतावर येतात. नाव, जिल्हा आणि शेताचा गट नंबर मी लिहिणार नाही. नको तिथं नाव गेलं की काय होतं ते मी पाहिलंय.

एका रविवारी सकाळी साहेब घरच्यासाठी दूध न्यायला स्वतः डेअरीवर आले. पुढं सुमनबाईंची किटली होती. साहेबांनी ती पायानं बाजूला सरकवली आणि तिथं आपली ठेवली.

“साहेब, नंबर हाय,” सुमनबाई म्हणाल्या.

“मी कोण आहे माहीत आहे का?”

“हाय की. आबांचं धाकलं. म्हनून तर सांगते, नंबर हाय.”

कट्ट्यावरून कुणीतरी फिसकन हसलं. तिथं बिघडलं. साहेबांचा आवाज चढला. “दुधात पाणी घालून विकणाऱ्यांनी मला नियम शिकवायचे नाहीत. मनात आणलं तर उद्या आत बसशील.”

आम्ही तिथं अकरा जण होतो. माझी किटली सुमनबाईंच्या मागं तिसरी. लोकांसाठी हजारो तक्रारी लिहिलेला मी माझ्या किटलीतल्या दुधाकडे असा बघत राहिलो की जणू गाईचं दूध पांढरं असतं हे आजच कळलं. कुणीच काही बोललं नाही. सेक्रेटरीला मात्र स्फुरण चढलं. त्यानं कोपऱ्यातला एक जुना कॅन ओढला आणि म्हणाला, “साहेब, आजपास्नं बाईचं दूध येगळं ठिवतो. तपासून घेतो.” मग मशीनवर लावलं तर सुमनबाईंच्या दुधाची फॅट रोजच्यासारखीच चांगली आली. मी ते सेक्रेटरीच्या कानात सांगितलं. तो म्हणाला, “तात्या, मशीन चुकंल. साहेब चुकत न्हाईत.”

साहेब गाडीत बसून गेले आणि बहुतेक विसरूनही गेले. कॅन मात्र राहिला. बाकी सगळ्यांचं म्हशीचं दूध मोठ्या कॅनमध्ये, सुमनबाईंचं त्या कोपऱ्यातल्या. मग रतीबाची घरं एकेक करून गळाली. कुणी म्हणालं पोराला म्हशीचं पचत नाही, कुणी म्हणालं आता पिशवीचंच आणतो. पाणी घातलं असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, त्यामुळं नाही म्हणायलाही जागा राहिली नाही.

तीन आठवड्यांनी सुमनबाई माझ्या शेडमध्ये आल्या.

“तात्या, जज्जावर तक्रार लिवायची.”

शेडमधल्या तिन्ही टायपिस्टचे कीबोर्ड थांबले. मी हळू आवाजात म्हणालो, “मुलाला विचारलंत का?”

“इचारलं. त्यो म्हनला, आई गप बस, कंपनीत कळलं तर मला काढत्याल. म्हनलं, तू गप बस, मी जाती.”

मी नमुना उघडला आणि सुरुवात केली: ‘सदर इसमाने अर्जदार महिलेस उद्देशून अवमानकारक उद्गार काढले.’ वाचून दाखवलं.

“ह्ये कोन बोललं?”

“तसं लिहावं लागतं, सुमनबाई.”

“उद्गार काढलं म्हंजी काय? त्यो म्हनला पानी घालती. म्हनला आत बसशील. आन् किटली पायानं सरकावली. त्ये लिवा. पाय लिवा.”

मी पाय लिहिला. चाळीस वर्षांत मी किती जणांचे पाय, हात आणि शिव्या ‘उद्गार’ या एका शब्दाखाली पुरल्या असतील, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

मागच्या बाकावर रेशनकार्डाच्या अर्जासाठी थांबलेला एक जण पुढं सरकला. “बाई, त्यात आमच्या लाइटीच्या डीपीचं बी घाला. दोन म्हैनं झालं जळलाय.”

“जज्जाचा आन् डीपीचा काय संमंध?” सुमनबाई म्हणाल्या.

“न्हाई, अर्ज वर चाललाच हाय तर.”

त्याला गप्प करून मी शेवटच्या कलमावर आलो. “मागणी काय लिहू? बदली? निलंबन? खातेनिहाय चौकशी?” हे तीन शब्द माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार असतात.

“नगं. त्याची नोकरी जाऊन मला काय मिळायचं? त्यानं डेअरीवर यावं. त्याच मान्सांपुढं म्हनावं, बाईच्या दुधात पानी नव्हतं. आन् त्यो येगळा कॅन उचलावा.” त्यांनी पदर सारखा केला. “माझ्या आज्याला प्यायच्या पान्याला येगळं गाडगं हुतं, तात्या. माझ्या दुधाला नगं.”

मला लाज वाटली. आम्हा अकराही जणांना तो कॅन रोज दिसत होता आणि त्याचा अर्थ प्रत्येकाला कळत होता. आम्ही फक्त तो बोलून दाखवत नव्हतो. मी मान खाली घालून मागणीचा सातवा परिच्छेद टाइप केला.

मग साक्षीदार. सुमनबाई डेअरीवरच्या माणसांची नावं बोटांवर मोजू लागल्या. दहा नावं झाली. अकराव्याला त्या थांबल्या. अकरावा मी होतो.

“दहा पुरे झाले,” मी म्हणालो.

कागद घेऊन त्या दहा घरी फिरल्या. एकानं सांगितलं, ऐकलं पण दिसलं नाही. दुसऱ्यानं सांगितलं, दिसलं पण ऐकलं नाही. त्या दोघांना एकत्र आणून एक साक्षीदार करता येतो का, असं सुमनबाईंनी मला विचारलं. तिसऱ्याचा कान नेमका त्या रविवारी दुखत होता. चौथ्यानं मोठ्या तयारीनं पेन घेतलं आणि सहीच्या जागी वळणदार अक्षरात लिहिलं: ‘एक जागरूक दूध उत्पादक’. ते पान मला पुन्हा काढावं लागलं. ‘साक्षीदार’ या शब्दापुढच्या टिंबटिंबांची ओळ कोरीच राहिली. ती मी काढून टाकली नाही, इतकंच माझं धाडस.

शपथपत्र नोटरीपुढं करावं लागतं. शिरूरच्या एका नोटरींना मजकूर वाचल्यावर एकाएकी लग्नाला जायचं आठवलं. त्या दिवशी तिथी नव्हती. दुसऱ्यांचा शिक्का घरी राहिला होता. म्हणून चौफुल्याला गाडी बदलून आम्ही दौंडला गेलो, माझ्या जुन्या ओळखीच्या नोटरींकडं. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तात्या, मी सही कुणाची एवढंच पाहतो हं. मजकुराशी माझा संबंध नाही,” असं तीनदा म्हणाले आणि शिक्का इतक्या हळू टेकवला की उमटलाच नाही.

“दाबा की जरा,” सुमनबाई म्हणाल्या. “उशीला टेकल्यावानी काय करताय?”

दुसऱ्यांदा उमटला. तिथून थेट पोस्टात जाऊन आम्ही दोन लखोटे रजिस्टर केले आणि पावत्या फाइलला लावल्या. सुमनबाईंनी मला स्टेशनसमोर चहा पाजला. काम नीट पार पाडल्याचं समाधान मला जेमतेम दोन दिवस मिळालं.

तिसऱ्या दिवशी एक तरुण वकीलबाई प्रिंट काढायला शेडमध्ये आल्या. फाइल टेबलावरच होती. एखाद्या मोठ्या बहिणीसारख्या त्या माझ्या चुका काढत असतात, वयानं मात्र माझ्या नातीएवढ्या. त्यांनी फाइल चाळली.

“तात्या, एक लखोटा हायकोर्टाला. दुसरी पावती कुणाची?”

“सामनेवाल्याची.”

“सामनेवाला कोण?”

“जज्ज.”

त्या स्टुलावर बसल्या. “तुम्ही ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली, त्यांनाच तिची प्रत पाठवली? रजिस्टरनं?”

“मग? सामनेवाल्याला प्रत दिल्याशिवाय कोर्टात कागद घेतात का?”

“अहो, हे कोर्टातलं काम नाही!”

“कोर्टातलं नाही तर त्यात जज्ज कशाला आहे?”

झालं असं होतं की मी नमुना घेतला तो नोटिशीचा. त्याच्या तळाशी चाळीस वर्षांपासूनची ओळ: ‘प्रत सामनेवाले यांस रजि. पोस्टाने रवाना.’ समोरच्याला सांगून भांडायचं हे माझ्या बोटांत इतकं मुरलंय की ओळ आली, पत्ता मी भरला आणि लखोटा सुमनबाईंनी चिकटवला. असली तक्रार गुपचूप जाते हे मला ठाऊक होतं, पण बोटांना ठाऊक नव्हतं. आठवड्यानं पोहोच आली, खाली साहेबांची सही. मी घाबरून ती सुमनबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, “सही किती झ्याक हाय. पोचलं म्हंजी बरंच झालं की.”

माझं जेवणावरचं लक्ष उडालं. बायको म्हणाली, “लोकांना कोर्टात धाडून धाडून दमला न्हाईत. आता तुमचा नंबर.”

पुढच्या शनिवारी साहेब शेडमध्ये आले. साधा शर्ट, हातात आमचा लखोटा. “इथं टायपिस्ट तात्या कोण?” एरवी एकमेकांची गिऱ्हाईकं पळवणाऱ्या माझ्या दोन्ही शेजाऱ्यांनी एकदिलानं माझ्याकडे बोट केलं. सुमनबाई बाजाराला आल्या की ‘वरनं काय आलं का’ विचारायला डोकवायच्या, त्याही बाकावर बसलेल्या होत्या.

साहेबांनी स्टुलावर बसून कागद टेबलावर ठेवला. “ही भाषा तुमची दिसते.”

“साहेब, मी फक्त टाइप करतो. मजकूर अर्जदाराचा असतो,” मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलोय आणि ते दरवेळी खरंही असतं.

बाकावरून आवाज आला. “भाषा त्यांची. पाय तुमचा.”

साहेब त्यांच्याकडे वळले. रागावले नाहीत, अगदी शांत बोलले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. “बाई, मी असं काही बोललो असेन असं मला आठवत नाही. अकरा माणसं होती म्हणता. एकाचीही सही नाही. साक्षीदाराची जागा कोरी आहे. हा कागद वर टिकणार नाही. तुमचा हेलपाटा वाचावा म्हणून सांगायला आलो.”

कायद्यानं ते बरोबर बोलत होते. सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, खाली आपल्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. त्यांनी पाहिलं असतं तर मी काहीतरी सबब सांगितली असती. ती तयारही होती. न पाहणाऱ्या माणसाला सबब सांगता येत नाही.

मी कीबोर्ड पुढं ओढला. ‘मी खालील सही करणार’ एवढं बोटांनी आपोआप टाइप केलं आणि पुढं ती थांबली. त्यापुढं कुणाचं तरी नाव विचारायची त्यांना सवय. मी माझं घातलं. दत्तात्रय बाबुराव, वय अडुसष्ट, धंदा टंकलेखन व शेती. एरवी दहा मिनिटांत होणारं अर्धं पान लिहायला मला अर्धा तास लागला. साहेबही उठले नाहीत, का ते मला आजही सांगता येणार नाही.

प्रिंट दिली तर कागद प्रिंटरमध्ये अडकला. मी या बाजूनं ओढतोय, तो येईना. साहेब उठले, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, “सावकाश, फाटेल.” अशा रीतीनं स्वतःविरुद्धचं शपथपत्र त्यांनी आपल्या हातानं, एक कोपराही न फाटता, बाहेर काढलं.

आणि मग ते वाचू लागले. वाचता वाचता खिशातून पेन निघालं. “तुमची किटली कितवी होती ते लिहा. आणि हे ‘अंदाजे’ काढा. साक्षीदार अंदाजे बोलला की उलटतपासात संपला.” दोन दुरुस्त्या झाल्यावर आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेनला टोपण लावलं.

“मी खरंच पायानं सरकवली?”

“होय, साहेब,” मी म्हणालो. एवढं बोलायला मला दोन महिने लागले होते.

“डाव्या,” सुमनबाई म्हणाल्या.

साहेबांना पश्चात्ताप झाला की बढती आठवली, ते मी ठरवणार नाही. निकाल देणं माझं काम नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मी काय करायला हवं?”

“लिवलंय की त्यात. सातवा परिच्छेद.”

दुसऱ्या दिवशी रविवार. साहेब सकाळी डेअरीवर आले आणि त्यांनी आपली किटली सगळ्यात शेवटी ठेवली. त्यामुळं भलताच घोटाळा झाला. साहेबांच्या पुढं नंबर असणं कुणालाच झेपेना. जो तो आपली किटली उचलून साहेबांच्या मागं नेऊन ठेवू लागला. बघता बघता साहेब पुन्हा पहिले. साहेबांनी पुन्हा किटली उचलून मागं नेली, रांग पुन्हा त्यांच्या मागं. असं तीनदा झालं. सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, “साहेब, कुठंतरी एका जागी ऱ्हावा, दूध नासंल.” या सगळ्यात सुमनबाईंची किटली जिथल्या तिथं होती.

मग साहेबांनी घसा साफ केला. “मागील एका प्रसंगी माझ्याकडून सदर महिलेच्या बाबतीत जे काही अनवधानाने...”

“साहेब,” सुमनबाई म्हणाल्या, “पान्याचं बोला.”

कट्ट्यावरचे लोक तंबाखू मळायचे थांबले.

“सुमनबाईंच्या दुधात पाणी नव्हतं,” साहेब म्हणाले. “मी रागात खोटं बोललो. किटली पायानं सरकवली तीही माझी चूक. मला माफ करा.”

माफी हा शब्द जज्जाच्या तोंडून ऐकायची आमच्यापैकी कुणालाच सवय नव्हती. सेक्रेटरीला काय करावं सुचेना, त्यानं टाळ्या वाजवल्या. कुणी साथ दिली नाही तेव्हा त्यानं गडबडीनं सुमनबाईंची किटली उचलली, मोठ्या कॅनमध्ये रिकामी केली आणि निम्मं दूध आपल्या पायजम्यावर सांडलं. कोपऱ्यातला कॅन मीच उचलून बाहेर नेला. त्या आठवड्यात रतीबाची तीन घरं परत आली. त्यातल्या एकाच्या पोराला म्हशीचं दूध आता पचत होतं.

वर गेलेल्या तक्रारीचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. माझं शपथपत्र मी सोमवारी नोटरी करून मागाहून रवाना केलं, सामनेवाल्याला प्रत न देता. अर्ज मागं घ्यायचा का म्हणून सुमनबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या तिथं. खोटं काय लिवलंय त्यात?” काही महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं की अर्ज मिळाला, उचित कार्यवाही करण्यात येत आहे. त्यांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं आणि घडी करून ठेवून दिलं.

पण मला सांगायचंय ते त्या माफीच्या रविवारचं. डेअरीवरून आम्ही दोघं रिकाम्या किटल्या घेऊन बरोबरच परत निघालो. माझी छाती, खोटं कशाला बोलू, जरा फुगलेली होती. सुमनबाई काहीतरी चांगलं बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. ओढ्यापर्यंत आलो तरी त्या बोलेनात, तेव्हा मीच म्हणालो, “बरं झालं नाही, मी सही केली ते?”

“लई बरं झालं,” त्या म्हणाल्या. वस्तीची वाट आली तशा वळल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“पर त्या दिशी डेअरीवर तोंड उघाडलं असतं ना तात्या, तर येवढा कागुद लागलाच नसता.”